बेवड मोडला, भागीदार बिघडला

मराठी शेतीच्या बोलीत 'बेवड' हा एक मोलाचा शब्द आहे. आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेला गुण किंवा अवगुण म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड पुढच्या पिकाला मानवतो, तागाचा बेवड उसाला मानवतो आणि त्याच पिकावर तेच पीक घेत राहिले की रान थकते, हे ज्ञान गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आज रानाची चौकशी करताना बियाण्याचे वाण विचारले जाते, खताचा डोस विचारला जातो. बेवड कशाचा, हे मात्र क्वचित कोणी विचारते. उसाच्या खोडव्यानंतर पुन्हा ऊस, सोयाबीनच्या रानात पुन्हा सोयाबीन, कापसावर कापूस, हा शिरस्ता झाला आहे आणि उतारा घटला की त्याचे उत्तर खताच्या गोणीत किंवा फवारणीच्या पंपात शोधले जाते. बेवडाचा गुण आपण आजवर द्विदल पिकांच्या नत्रापुरता आणि किडींचे चक्र तोडण्यापुरता समजत आलो. पण त्याची मुळे याहून खोल आहेत. पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या उपकारक बुरशीशी पिकाचा जो देवघेवीचा व्यवहार चालतो, तो ताळ्यावर ठेवण्याची रीत म्हणजे पिकांची फेरपालट. ती मोडली की ही बुरशी मरत नाही, ती बिघडते. म्हणूनच फेरपालटीला खताइतकीच एक निविष्ठा मानले पाहिजे आणि सरकारने तिचे मोल मोजले पाहिजे.

बुरशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भुरी, करपा, मर आणि बुरशीनाशकाचा डबा येतो. पण जमिनीतली सगळी बुरशी वैरी नसते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांनी १८८५ मध्ये झाडांच्या मुळांशी एकजीव होऊन राहणाऱ्या बुरशीला 'मायकोरायझा' हे नाव दिले. त्यातला जो प्रकार आपल्या शेतात आढळतो, त्याला कृषी क्षेत्रात 'व्हॅम' म्हणतात. ही बुरशी पांढऱ्या मुळीच्या पेशींत शिरते आणि तिथे झाडासारख्या फांद्या फोडते. तिचे तंतू माणसाच्या केसाहून दहापट किंवा त्याहूनही बारीक असतात. मातीच्या ज्या फटींत मूळ पोहोचत नाही, तिथे ते शिरतात आणि तिथला स्फुरद, जस्त व थोडे पाणी मुळापर्यंत आणून देतात. स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळालगतचा साठा संपला की मूळ उपाशी राहते, थोड्याच अंतरावर स्फुरद असला तरी. या अंतराची वाहतूक बुरशी करते. मोबदल्यात झाड तिला पानांत तयार झालेली साखर आणि स्निग्ध पदार्थ देते. हा वाटा कधी कधी झाडाच्या एकूण कमाईच्या पाचव्या हिश्शापर्यंत जातो. स्वतःची स्निग्धाम्ले बनवण्याची पूर्ण यंत्रणा या बुरशीकडे नसते आणि ती त्यासाठी झाडावर अवलंबून असते, हे २०१७ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे जिवंत मुळाशिवाय तिला जगता येत नाही. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही तिच्या खुणा सापडतात. ऊस, कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, मका, केळी, हळद, द्राक्ष ही सारी पिके तिचे घर आहेत. कांद्याच्या मुळांना केसमुळे जवळजवळ नसतात, त्यामुळे कांद्याची तर तिच्यावर विशेष भिस्त असते.

ही भागीदारी म्हणजे व्यवहार आहे, हे ध्यानात घेतले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. व्यवहारात दोन्ही बाजूंचा फायदा नेहमी सारखा नसतो. मातीत या बुरशीच्या अनेक जाती एकत्र नांदतात. काही झाडाकडून थोडे घेतात आणि भरपूर देतात, काही भरपूर घेतात आणि थोडे देतात. एकाच पिकाच्या मुळांवर वर्षानुवर्षे जगायला मिळाले, तर यांतल्या कोणत्या जाती वाढतील? पिकाचे भले करणाऱ्याच वाढतील, असे आपण गृहीत धरतो. निसर्गाची निवड मात्र तशी चालत नाही. त्या पिकाच्या मुळांवर जी जात सर्वांत वेगाने फोफावते आणि सर्वाधिक बीजाणू टाकते, तीच पुढच्या हंगामात पुढे असते. ती पिकाला किती देते, हा त्या शर्यतीतला निकष नाही. उलट, पिकाकडून घेतलेला ऐवज स्फुरद आणण्याऐवजी स्वतःच्या वाढीवर खर्च करणाऱ्या जातीला या शर्यतीत वरचढ होण्याची संधी असते.

या तर्काला शेतातला आधार अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातून मिळाला. नॅन्सी जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सतत मका आणि सतत सोयाबीन घेतलेल्या तुकड्यांतील बुरशीच्या बीजाणूंची मोजदाद केली. दोन्ही पिकांखाली वेगवेगळ्या जाती माजलेल्या होत्या. मक्याखाली माजलेल्या जातींची संख्या जिथे जास्त, तिथे मक्याचे उत्पादन साधारणपणे कमी होते. त्याच जातींचा सोयाबीनच्या उत्पादनाशी मात्र सुलटा संबंध दिसत होता. सोयाबीनखाली माजलेल्या जातीही सोयाबीनच्याच मुळावर आल्यासारख्या वागत होत्या. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरे. पण नेमक्या उलट्या जोडीने दिसणारा हा संबंध योगायोग मानणे कठीण आहे. मक्याने पोसलेली बुरशी मक्याला जड जाते आणि सोयाबीनला उपयोगी पडते, हे बेवडाचेच शास्त्रीय वर्णन नव्हे काय? माती नुसतीच थकली असती, तर ती दोन्ही पिकांना सारखीच थकलेली भासली असती.

झाड मात्र या व्यवहारात अगदीच भाबडे नसते. टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की जी बुरशी अधिक स्फुरद देते तिच्याकडे झाड अधिक साखर वळवते आणि बुरशीही उदार मुळाला अधिक स्फुरद देते. मग लबाड बुरशी टिकते कशी? एक कारण आपल्या खताच्या गोणीत आहे. झाडाला स्फुरद मुळाशी आयता मिळाला की चांगल्या भागीदाराची पारख करण्याची त्याला गरज उरत नाही आणि प्रामाणिक बुरशीचे बक्षीस बंद होते. भरपूर खत घातलेल्या जमिनीत कमी उपकारक जाती पुढे येऊ शकतात, याकडे जॉन्सन यांनी १९९३ मध्येच लक्ष वेधले होते. एकच पीक आणि अतिरेकी खत ही जोडगोळी अशी एकमेकींचे नुकसान वाढवते. एकपीक पद्धत भागीदारांची निवड संकुचित करते आणि खत उरलेल्या भागीदारांवरचा वचक काढून टाकते. मग उतारा घटला म्हणून डोस वाढवायचा आणि डोस वाढला म्हणून बुरशी आणखी ऐतखाऊ व्हायची, असा हा फेरा आहे.

विविधतेची घट तर अनेक ठिकाणी मोजली गेली आहे. ब्रिटनमधील थोरुन हेल्गासन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जंगलातील आणि लगतच्या नांगरलेल्या शेतांतील मुळे तपासली, तेव्हा शेतांत मोजक्याच जाती आणि त्यांतही एकीचा वरचष्मा आढळला. मध्य युरोपात फ्रित्झ ओल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गवताळ कुरणे, फेरपालटीची शेते आणि सतत मका घेतलेली शेते यांची तुलना केली. सर्वांत कमी जाती सतत मक्याच्या शेतांत होत्या. जाती कमी झाल्या म्हणून लगेच पीक बुडत नाही. पण प्रत्येक जातीचे कसब वेगळे असते. कोणी कोरड्या मातीत तग धरते, कोणी मुळापासून लांबवर तंतू पसरते, कोणी रोगकारक बुरशीला मुळावर जागा मिळू देत नाही. पाऊस लांबल्यावर किंवा मर रोग पसरल्यावर नेमके कोणते कसब कामी येईल, हे आधी सांगता येत नाही. ज्या शेताने ही कसबे एकेक करून गमावली, त्या शेताचा धोका वाढतो, मग चांगल्या वर्षात तो दिसला नाही तरी.

उसाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचा अनुभव महाराष्ट्राने नीट वाचण्यासारखा आहे. तिथे वर्षानुवर्षे उसावर ऊस घेतल्यानंतर उत्पादन एका पातळीवर अडकले. कारणे शोधण्यासाठी १९९३ मध्ये एक संयुक्त संशोधन उपक्रम सुरू झाला. मातीचे धुरीकरण करून तिच्यातील सजीव मारले, तर त्याच रानात ऊस जोमाने वाढला. खत, पाणी, वाण सारे तेच; बदलले होते ते फक्त मातीतले जीवन. सततच्या उसाने मातीतला कारभारच उसाच्या विरोधात उभा केला होता. सोयाबीन किंवा भुईमुगासारखे पीक मध्ये घेऊन हा क्रम तोडला, तेव्हा पुढच्या उसाचे उत्पादन वीस ते तीस टक्क्यांनी वाढल्याचे प्रयोगांत दिसले. तिथल्या घसरणीत मुळे कुजवणाऱ्या बुरशीचा, सूत्रकृमींचा आणि जड यंत्रांनी दबलेल्या मातीचाही वाटा होता. सारा दोष मायकोरायझाच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. पण मुद्दा त्याने अधिकच पक्का होतो. एकाच यजमानावर पोसलेली मातीतली वस्ती एकूणच त्या यजमानाला महाग पडते, मग तिच्यातला कोणी उघड चोर असो वा कामचुकार भागीदार.

महाराष्ट्रात हे चित्र कुठे लागू पडते, हे सांगायला फार लांब जायला नको. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात लागण, खोडवा, निडवा आणि पुन्हा लागण असे चक्र चालते. मराठवाडा आणि विदर्भात ज्वारी, मूग, उडीद यांची जागा सोयाबीनने घेतली आणि खरिपाचे रान एकरंगी झाले. कपाशीच्या सहा-आठ ओळींमागे तुरीची एखादी ओळ टाकायची विदर्भाची जुनी पद्धतही आक्रसत गेली. त्या तुरीच्या ओळीचे काम डाळीपुरते नव्हते. खोलवर जाणाऱ्या, वेगळ्या स्वभावाच्या मुळांनी ती बुरशीच्या वेगळ्या जातींना आसरा देत होती. इथे एक खबरदारीही सांगितली पाहिजे. पीक बदलले म्हणजे बेवड सुधारलाच, असे नाही. मोहरी, कोबी, फ्लॉवर, पालक, बीट ही पिके मायकोरायझाला मुळांत थारा देत नाहीत. त्यांच्यानंतर लगेच कांदा किंवा मका घेतला, तर तो काही काळ भागीदारावाचून चाचपडतो. रान नुसते उघडे ठेवणे हाही उपाय नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत, जी आपल्या रेगूरच्याच कुळातली, दीर्घ काळ पडीक ठेवलेल्या रानात पुढची पिके खुरटत. जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये त्याचे कारण दाखवले: मुळेच नसल्याने बुरशी उपासमारीने घटली होती आणि पिकाला स्फुरद मिळेना. म्हणजे या बुरशीला विश्रांती नको, वेगवेगळी जिवंत मुळे हवीत. तूर, हरभरा, मूग, ज्वारी, ताग यांची आलटून-पालटून साथ तिला मानवते.

या मांडणीवर सर्वांत गंभीर आक्षेप खुद्द शास्त्रज्ञांकडून आला आहे. मेगन रायन आणि जेम्स ग्रॅहम यांनी २०१८ मध्ये मांडले, की शेतकऱ्याने या बुरशीची संख्या किंवा विविधता पाहून पिकाचे नियोजन करावे, असा भक्कम पुरावा नाही. तिच्यासाठी उत्पादनाला बाध येईल असे काही करू नये. हा इशारा योग्य आहे आणि तो मानलाच पाहिजे. बुरशीची विविधता हे स्वतःच काही देवत्व नव्हे. पण या आक्षेपाला दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दिलेले उत्तरही तितकेच वजनदार आहे: केवळ एका हंगामाचा उतारा हे एकमेव माप नाही, मातीचे कण धरून ठेवणे, वाहून जाणारे अन्नद्रव्य वाचवणे, उत्पादन टिकवणे ही कामेही मोजावी लागतात. आणि मुख्य गोष्ट अशी, की फेरपालटीसाठी शेतकऱ्याने बुरशीवर विश्वास ठेवण्याची गरजच नाही. नत्र, तण, कीड, रोग आणि बुरशी या सर्वांचा हिशेब एकाच दिशेला झुकतो. फेरपालटीचे सगळे श्रेय बुरशीला देऊ नका, असे आक्षेपक म्हणू शकतात. पण म्हणून एकपीक पद्धत निर्दोष ठरत नाही.

दुसरा आक्षेप इंग्लंडच्या रॉथमस्टेडचा दाखला देऊन केला जातो. तिथे ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गहू घेतला जातो आणि आजही तो चांगला पिकतो. शिवाय गव्हाच्या 'टेक-ऑल' या मूळकूज रोगाची तीव्रता काही वर्षे सलग गहू घेतल्यावर आपोआप घटते, कारण रोगाला आवरणारे जिवाणू मातीत वाढतात. म्हणजे एकपीक पद्धतही स्वतःचे रखवालदार तयार करू शकते. हे दोन्ही दाखले खरे आहेत. पण त्याच ब्रॉडबॉकच्या काही भागांत १९६८ पासून फेरपालट सुरू झाली आणि मध्ये दुसरी पिके घेतल्यानंतरचा गहू सलग गव्हापेक्षा सरस ठरला, हे सांगायचे राहून जाते. माती सावरते, हे खरे. पण ती सावरते ती खालच्या पायरीवर. आणि हा सावरण्याचा काळ येईपर्यंत मधल्या वर्षांचा तोटा कोणी सोसायचा? काही एकरांच्या शेतकऱ्याला तो परवडणारा नाही.

तिसरा आक्षेप सोयीचा आहे: बुरशी गेली तर स्फुरद खत आहे, आणि बुरशीच हवी असेल तर पाकिटात मिळते. पहिल्या भागाचे उत्तर आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी देतात. टाकलेल्या स्फुरदाचा थोडाच भाग त्या हंगामात पिकाला मिळतो, बाकीचा चुन्याशी जखडून पडतो. त्यासाठी लागणारे खडक फॉस्फेट आणि डीएपी देशाला मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावे लागते. जखडलेल्या साठ्याच्या आसपास पोहोचण्याची क्षमता ज्याच्यात आहे, त्या भागीदारालाच दुबळे करून महागडे खत विकत घ्यायचे, यात शहाणपण नाही. दुसऱ्या भागाबद्दल सांगायचे तर मायकोरायझा खत नियंत्रण आदेशात समाविष्ट आहे आणि रोपवाटिकेत, निर्जंतुक केलेल्या मातीत किंवा पडीक रानात त्याचा उपयोग होऊही शकतो. पण ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नसल्याने तिचे उत्पादन अवघड असते आणि दर्जा एकसारखा राहत नाही. शिवाय ज्या रानाने स्थानिक जाती घालवल्या, त्याच रानात तेच पीक आणि तोच खताचा डोस चालू ठेवला, तर पाकिटातून आलेला पाहुणाही तिथे टिकणार कसा? घर न बदलता भाडेकरू बदलण्यासारखे ते आहे.

चौथा आक्षेप शास्त्राचा नाही, जगण्याचा आहे आणि म्हणून तो सर्वांत मोठा आहे. उसाला रास्त आणि किफायतशीर दराचा कायदेशीर आधार आहे, साखर कारखाना ऊस तोडून नेतो, पैसा उशिरा का होईना पण येतो. मूग-उडदाला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची खात्री नसते. तुरीचा भाव एका वर्षी चढतो आणि दुसऱ्या वर्षी आयातीने कोसळतो. अशा स्थितीत शेतकरी उसावर ऊस घेतो, तो अडाणी म्हणून नव्हे, तर हिशेबी म्हणून. त्याला फेरपालटीचे व्याख्यान देणे अन्यायाचे आहे. बेवडाचा फायदा तीन-चार वर्षांनी येतो आणि खंडाने जमीन करणाऱ्याला, बटाईदाराला किंवा कर्जदाराला तेवढी वाट पाहता येत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो शेतकऱ्याने बदलू नये असा नव्हे. धोरणाने बदलावे असा निघतो. गेल्या काही वर्षांत केंद्र सरकार खतांच्या अनुदानावर दरवर्षी दीड लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च करत आले आहे. गोणीतला स्फुरद अनुदानाला पात्र आहे, आणि स्फुरद मिळवून देणारे पीकक्रमातले एक वर्ष मात्र अपात्र. ही विषमता कशासाठी?

तीन गोष्टी आज करता येण्याजोग्या आहेत. पहिली, मृदा आरोग्य पत्रिका. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मातीच्या बारा बाबी तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या बारांत मातीतल्या जिवंत वस्तीची मोजणी नाही. प्रत्येक नमुन्याची बुरशी मोजणे खर्चिक आहे, हे कबूल. पण प्रत्येक तालुक्यात काही ठरावीक शेते निवडून मुळांवरील मायकोरायझाचे प्रमाण दरवर्षी तपासणे कृषी विद्यापीठांच्या आवाक्याबाहेर नाही. देशात १९७० पासून दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत. तशाच धीराने ऊस, सोयाबीन आणि कापसाचे दीर्घकालीन बेवड प्रयोग चालले पाहिजेत. दुसरी, साखर कारखान्यांनी खोडवा मोडल्यानंतर एक हंगाम कडधान्य किंवा ताग घेणाऱ्या सभासदाच्या पुढच्या लागणीच्या नोंदीला प्राधान्य द्यावे. ऊस थोडा कमी मिळेल, पण एकरी उतारा वाढला तर कारखान्याचेही त्यात हित आहे. तिसरी, कडधान्याची हमीभावाने खात्रीची खरेदी. ती नसेल तर बाकी सारे उपदेश वाऱ्यावर जातात.

आणि यासाठी लागणारी नोंद महाराष्ट्राकडे आधीच आहे. सातबाऱ्यातील 'सात' मालकी सांगतो आणि 'बारा' पीक सांगतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे शेतकरी स्वतः मोबाइलवरून कोणत्या गटात कोणते पीक आहे, हे नोंदवतो. कोणत्या रानात सलग किती वर्षे एकच पीक आहे, हे आता प्रत्येक गटासाठी कळू शकते. या नोंदी मृदा आरोग्य पत्रिकेशी जोडल्या आणि त्या पत्रिकेवर स्फुरद-पालाशाच्या जोडीला 'बेवड' असा एक रकाना आणला, तर खताचा सल्ला त्या रानाच्या इतिहासावरून देता येईल आणि फेरपालट करणाऱ्याला अनुदान कोणत्या आधारावर द्यायचे, हा प्रश्नही सुटेल. 'सात'साठी आपण पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या केल्या. जमीन कोणाची, यावर जितके भांडलो, त्याच्या निम्मी आस्था तरी तिच्यात काय पेरले जाते याच्या नोंदीला, त्या 'बारा'ला मिळायला हवी. कारण जमिनीचा खरा भागीदार त्या उताऱ्यावर नावाने कधीच येत नाही. तो पांढऱ्या मुळीत राहतो आणि त्याची हजेरी फक्त पिकांच्या क्रमातूनच कळते.